अटकेची नोंद : शोधावी कोठे, निकालात काढावी कशी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. वाटणीपत्र, सातबारा आणि भाडेकरू मागे पडतात आणि ‘माझ्या नावावर पोलिसांत काही आहे का, असल्यास ते काढून टाकता येईल का’ या एकाच प्रश्नाची निरनिराळी रूपे समोर येतात. या वेळी कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या अशा काही पत्रांना एकत्र उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. उत्तरांआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, म्हणजे पुढे अपेक्षाभंग होणार नाही. प्रौढ व्यक्तीच्या अटकेची किंवा गुन्ह्याची नोंद अर्ज करून समूळ पुसून घेण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्या कायद्याने दिलेला नाही. जी नोंद एकदा रजिस्टरला चढली ती राहते. आपल्या हाती असते ते त्या नोंदीपुढील निकालाचा रकाना भरून घेणे, आणि बहुतेकांचे घोडे अडते ते तो रकाना वर्षानुवर्षे कोरा राहिल्यामुळे.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी ऊसदराच्या आंदोलनात महामार्गावर बसलेल्या आम्हा पंधरा-वीस मुलांना पोलिसांनी गाडीत घालून ठाण्यात नेले. नावे लिहून घेतली, सह्या घेतल्या आणि रात्री सोडून दिले. कागद कोणताही दिला नाही, पुढे समन्सही आले नाही. आता मी पोलीस भरतीची तयारी करत आहे. माझ्यावर गुन्हा आहे की नाही हे मला कसे कळेल?
— एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : आंदोलनाच्या वेळी अशा रीतीने ताब्यात घेतलेल्या माणसाची नोंद तीनपैकी कोणत्याही एका ठिकाणी असू शकते, आणि तिन्हींचे परिणाम अगदी वेगळे असतात. सर्वांत सौम्य शक्यता अशी की, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६८ प्रमाणे तुम्हाला ताब्यात घेतले आणि कलम ६९ प्रमाणे सोडून दिले. पोलिसांच्या रोजच्या बोलण्यात याला ‘अडुसष्टखाली घेतले, एकोणसत्तरखाली सोडले’ असे म्हणतात. यात गुन्हा दाखल होत नाही, न्यायालयात काहीही जात नाही, आणि नोंद राहते ती केवळ ठाण्याच्या स्टेशन डायरीत.

दुसरी शक्यता प्रतिबंधक कारवाईची आहे. त्या काळी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली प्रतिबंधक अटक आणि कलम १०७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर, म्हणजे प्रत्यक्षात तहसीलदारांसमोर, चालणारे प्रकरण. यालाच सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमे अनुक्रमे १७० आणि १२६ झाली आहेत. जुन्या प्रकरणांच्या कागदांवर मात्र जुनेच आकडे दिसतील, त्यामुळे गोंधळू नये. चॅप्टर केसमध्ये शिक्षा होत नाही. शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले जाते. ही चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत संपवावी लागते आणि दंडाधिकाऱ्यांनी विशेष कारणे नमूद करून मुदत वाढवली नसेल, तर ती सहा महिन्यांनी आपोआप संपुष्टात येते. पण ती संपल्याचे तहसील कार्यालयातून पोलीस ठाण्याला कळवले जाते का, हा प्रश्न निराळा. ठाण्याच्या रजिस्टरात तुमच्या नावापुढे ‘१०७’ एवढेच लिहिलेले राहते आणि पाच वर्षांनी चारित्र्य पडताळणी करणाऱ्या अंमलदाराला त्यापलीकडे काही दिसत नाही.

तिसरी शक्यता प्रत्यक्ष गुन्ह्याची : बेकायदेशीर जमाव जमवल्याबद्दल त्या काळच्या भारतीय दंड संहितेचे कलम १४३, रस्ता अडवल्याबद्दल कलम ३४१, आणि मनाई आदेश लागू असल्यास पोलीस अधिनियमाचे कलम ३७ सह १३५. अशा गुन्ह्यात शंभर-दोनशे जणांची नावे एकाच फिर्यादीत असतात, त्यांपैकी काहींना कलम ४१-अ खालील, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस दिली जाते, काहींना तीही मिळत नाही, आणि दोषारोपपत्र गेले तरी गावातल्या निम्म्या मुलांना पत्ता नसतो.

आता शोध कसा घ्यावा ते सांगतो. सुरुवात घरबसल्या करता येते. ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर किंवा ॲपवर कोल्हापूर जिल्हा निवडून, तुमच्या बाबतीत जयसिंगपूर येथील न्यायालय घेऊन, पक्षकाराच्या नावाने शोध घ्यावा. वर्ष टाकावे लागते, म्हणून घटनेचे वर्ष आणि त्यापुढील दोन-तीन वर्षेही पाहावीत, कारण दोषारोपपत्र उशिरा जाते. नावाचे इंग्रजी स्पेलिंग ज्याने जसे टंकले तसेच तिथे असते, म्हणून एकाच आडनावाच्या सगळ्या तऱ्हा करून पाहाव्यात; शिवाय आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे चार पाटील निघतात, तेव्हा वडिलांचे नाव जुळल्याशिवाय घाबरून जाऊ नये. प्रकरण सापडल्यास त्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक लिहून ठेवावा. पुढची सगळी कामे त्यावर चालतात. गुन्हा रजिस्टर क्रमांक माहीत असेल तर पोलीस ठाणे, क्रमांक आणि वर्ष यांवरूनही शोध घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानुसार, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ते ठाणेनिहाय आणि दिनांकानुसार पाहता येतात. मात्र ध्यानात घ्या, तहसीलदारांसमोरील चॅप्टर केस ई-कोर्ट्सवर दिसत नाही, कारण ते न्यायालय उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील नाही. तिथे काही सापडले नाही म्हणजे पाटी कोरी आहे, असे समजू नका.

यापुढचा टप्पा ठाण्याचा. ठाणे अंमलदाराला तोंडी विचारून कधी कधी उत्तर मिळते, पण भरतीसाठी तोंडी उत्तराचा उपयोग नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करावा. नमुना ‘अ’ मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत. मजकूर साधारण असा असावा : ‘अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतच्या काळात आपल्या पोलीस ठाण्याच्या अभिलेखात माझ्या, म्हणजे अर्जदाराच्या, नावे (१) प्रतिबंधक कारवाई, (२) दखलपात्र गुन्हा अथवा (३) अदखलपात्र गुन्हा यांची नोंद असल्यास तिचा क्रमांक, दिनांक, कलमे, प्रकरण कोणत्या न्यायालयात अथवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवले आणि त्याची आजची स्थिती, ही माहिती मिळावी, नोंद नसल्यास तसे लेखी कळवावे.’ सोबत आधार कार्डाची प्रत जोडावी, म्हणजे माहिती अर्जदाराचीच आहे हे उघड होते आणि त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून नाकारण्याला जागा राहत नाही. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास किंवा ‘तपासाला बाधा येईल’ असे ठोकळेबाज उत्तर आल्यास तीस दिवसांत प्रथम अपील करावे. तपास कधीच संपलेला असताना ते कारण टिकत नाही. ‘नोंद नसल्यास तसे कळवावे’ हे शेवटचे वाक्य विसरू नका, कारण नोंद नाही असे ठाण्याच्या सहीशिक्क्याने आलेले पत्रही पुढे उपयोगी पडते. असाच एक अर्ज तहसील कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा.

गुन्हा निघाला आणि दोषारोपपत्र दाखल झालेले असेल, तर आधी वॉरंट निघाले आहे का ते पाहा. समन्स ‘दिल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ या शेऱ्याने परत जाते, दोन-चार तारखा पडतात आणि मग वॉरंट निघते; शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या मुलाला हे भरतीच्या वेळी कळते. वकिलामार्फत स्वतःहून हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, तर अशा किरकोळ प्रकरणात न्यायालय सहसा अडून बसत नाही. दोषारोपपत्राचा दिनांकही तपासावा. कलम १४३ ला कमाल शिक्षा सहा महिन्यांची आहे आणि एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र एक वर्षाच्या आत गेले पाहिजे. उशीर झाला असेल आणि न्यायालयाने तो क्षमापित केला नसेल, तर हा मुद्दा मांडता येतो. आंदोलनातील खटले मागे घेण्याचे निर्णय सरकार वेळोवेळी घेते. परंतु निव्वळ शासन निर्णय निघाल्याने खटला संपत नाही. सरकारी अभियोक्त्याने न्यायालयात तसा अर्ज देऊन न्यायालयाची संमती घ्यावी लागते. ‘आमचे गुन्हे मागे घेतले’ म्हणून हार घालून झालेले कितीतरी खटले रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत, अजून चालू असतात.

राहिला भरतीचा अर्ज. साक्षांकन नमुन्यात ‘कधी अटक झाली होती का, ताब्यात घेतले होते का, गुन्हा दाखल आहे का’ असे वेगवेगळे प्रश्न असतात. विचारले असेल त्याचे खरे उत्तर द्यावे आणि विचारले नसेल ते ओढून सांगू नये. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालात याबाबतची सूत्रे घालून दिली आहेत. त्यांनुसार घोषणाबाजीसारख्या क्षुल्लक प्रकरणातील लपवाछपवीकडे नेमणूक करणारा अधिकारी दुर्लक्ष करू शकतो. पण तो त्याचा विवेकाधिकार आहे, उमेदवाराचा हक्क नव्हे. माझा अनुभव असा की, आंदोलनातील गुन्हा खरा सांगणाऱ्याची नेमणूक क्वचितच अडते, आणि लपवणाऱ्याला उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

प्रश्न : बांधाच्या वादातून भाऊबंदांत मारामारी झाली आणि माझ्यावर कलम ३२६ चा (घातक हत्याराने गंभीर दुखापतीचा) गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. पुढे समेट झाला आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. तरीही पासपोर्टच्या पडताळणीत ‘गुन्हा दाखल, प्रलंबित’ असा शेरा गेला. ठाण्यात विचारले तर ‘संगणकात तसेच दिसते’ म्हणतात.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : संगणकात तसेच दिसते हे खरेच असणार. उच्च न्यायालयाचा आदेश झाल्यावर तो ठाण्यापर्यंत आणि खालच्या न्यायालयापर्यंत पोहोचवण्याचे काम बहुधा पक्षकारालाच करावे लागते, आणि समेटाच्या आनंदात ते राहून जाते. तुमच्या प्रकरणात दोन जागा तपासा. गुन्हा रद्द होण्यापूर्वी दोषारोपपत्र गेले होते का? गेले असेल, तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अथवा सत्र न्यायालयाच्या यादीत खटला ‘प्रलंबित’ राहिलेला असू शकतो. तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल जोडून खटला निकाली काढण्याचा अर्ज द्यावा आणि त्या निकालाचीही नक्कल घ्यावी. नकलेचा अर्ज न्यायालयाच्या नक्कल विभागात होतो. दोन प्रती घ्या, कारण एक कुठेतरी जमा करावीच लागते.

त्यानंतर पोलीस निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज करा. त्यात गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमे, उच्च न्यायालयातील अर्जाचा क्रमांक आणि आदेशाचा दिनांक लिहून, ‘गुन्हे रजिस्टरात व सीसीटीएनएस प्रणालीत सदर गुन्ह्यापुढे अंतिम निकालाची नोंद घ्यावी व तशी नोंद घेतल्याचे मला लेखी कळवावे’ एवढेच मागा. सीसीटीएनएस म्हणजे पोलिसांची गुन्हे नोंदवण्याची संगणक प्रणाली. ‘नाव काढून टाकावे’ अशी मागणी करू नका. ती करण्याचा अधिकार त्या ठाण्याला नाही आणि त्या एका वाक्यामुळे अख्खा अर्ज दप्तरी पडतो. निकालाची नोंद घेणे हे मात्र त्यांचे कामच आहे, त्यामुळे नकार देणे अवघड जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच घ्या आणि एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयाला द्या. महिनाभरात हालचाल झाली नाही, तर त्याच अर्जावर काय कार्यवाही झाली हे माहिती अधिकारात विचारा.

पासपोर्टपुरते बोलायचे, तर पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम ६(२)(फ) चा अडसर फौजदारी न्यायालयात प्रकरण प्रलंबित असल्यासच येतो. नुसता गुन्हा नोंदलेला आहे आणि तपास चालू आहे, म्हणजे प्रकरण न्यायालयात प्रलंबित आहे असे होत नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या ज्ञापनात स्पष्ट केले आहे. तुमचा तर गुन्हाच उरलेला नाही. प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडून नोटीस आली असल्यास तिला मुदतीत उत्तर द्या, आदेशाची नक्कल जोडा आणि फेरपडताळणीची विनंती करा. ज्यांचा खटला अजून चालू आहे अशा वाचकांसाठी सांगतो की, २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार संबंधित न्यायालयाने परदेशी जाण्यास परवानगी दिल्यास पासपोर्ट मिळू शकतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एक वर्षाचा मिळतो. म्हणून परवानगीच्या अर्जात मुदतीची स्पष्ट मागणी करावी, हे वकिलाला आठवणीने सांगा.

याच पत्राच्या निमित्ताने समेटाविषयी थोडे. दोन्ही बाजू ठाण्यात एकत्र चहा प्यायल्या म्हणून गुन्हा मिटत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ३२३ सारख्या, म्हणजे साध्या दुखापतीच्या, गुन्ह्यात न्यायालयासमोर तडजोड करता येते, लोकअदालतीतही करता येते, आणि तिचा परिणाम कायद्याने निर्दोष मुक्ततेचाच असतो. कलम ३२६ मात्र तडजोडपात्र नाही. तिथे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराखाली, म्हणजे जुन्या संहितेचे कलम ४८२ आणि नव्या संहितेचे कलम ५२८, गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची ही पायपीट वाचली आहे. गेली कित्येक वर्षे फिर्यादी आणि आरोपी एकाच गाडीतून मुंबईला जाऊन शपथपत्र देऊन येत, त्याला हा फार मोठा दिलासा आहे.

प्रश्न : गणेशोत्सवात मांडवामागे पत्ते खेळताना पोलिसांनी धाड टाकली. न्यायालयात ‘कबूल आहे म्हणा, दंड भरा आणि मोकळे व्हा’ असे सांगण्यात आले. तसेच केले. आता सुरक्षा रक्षकाच्या नोकरीसाठी चारित्र्य दाखला काढला, तर त्यात ‘शिक्षा झालेली आहे’ असे आले. दंड म्हणजे शिक्षा का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : होय. गुन्हा कबूल करून दंड भरला, म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवून दंडाची शिक्षा दिली. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियमाखालील दंड आणि वाहतूक पोलिसाकडे भरलेली चलनाची रक्कम यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. मोकळे होण्याच्या घाईत माणसे हा सौदा करतात आणि त्यांना तो करायला सांगणाऱ्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही, याची मला खंत वाटते. कबुलीनंतरच्या शिक्षेवर अपिलाचा मार्ग जवळजवळ बंद असतो. शिक्षा बेकायदेशीर आहे किंवा प्रमाणाबाहेर आहे एवढाच मुद्दा उरतो, आणि क्षुल्लक दंडात तोही नाही. कबुली नीट समजावून न घेता नोंदवली गेली असेल, तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. त्याची मुदत नव्वद दिवसांची आहे आणि उशीर झाल्यास समाधानकारक कारण द्यावे लागते. रोजनाम्याची आणि कबुलीजबाबाची नक्कल काढून एखाद्या फौजदारी वकिलाला दाखवा. छापील नमुन्यावर फक्त तुमची सही असेल आणि आरोप समजावून सांगितल्याची नोंद नसेल, तर मुद्द्यात जीव आहे.

तो मार्ग नसल्यास दाखल्यासोबत न्यायालयाच्या निकालाची नक्कल नोकरी देणाऱ्यासमोर ठेवा. ‘शिक्षा’ या एका शब्दाने दचकलेल्या माणसाला दंडाचा आकडा आणि गुन्ह्याचे स्वरूप वाचल्यावर बहुधा धीर येतो. आणि हे पत्र वाचणाऱ्या इतरांनी, अशा वेळी कबुली देण्यापूर्वी परिविक्षा अधिनियम, १९५८ चा लाभ मागावा. ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले गेल्यास त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असताना कॉलेजमधल्या भांडणात त्याचे नाव आले आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले. मंडळाने समज देऊन सोडले. आता तो सैन्यभरतीला निघाला आहे. गावात लोक म्हणतात, त्याचे रेकॉर्ड झाले आहे.
— एक माता, गडहिंग्लज तालुका

उत्तर : ताई, गावातील लोकांचे राहू द्या. संपूर्ण फौजदारी कायद्यात प्रकरणाची नोंद खरोखर नष्ट करण्याची स्पष्ट तरतूद आहे ती मुलांसाठीच. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ प्रमाणे अशा मुलाला त्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत किंवा नियमांत ठरवलेला काळ उलटल्यावर अभिलेख नष्ट करण्याचे निर्देश मंडळाने द्यायचे असतात. याला अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या, सात वर्षे किंवा अधिक किमान शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्यांत बाल न्यायालयाने दोषी धरल्याचा. तुमच्या मुलाचे प्रकरण त्यात बसत नाही. शिवाय कलम ७४ नुसार प्रकरण बंद झालेले असताना चारित्र्य दाखल्यासाठी त्याची नोंद उघड करण्यास पोलिसांना मनाई आहे. मंडळाकडे अर्ज करून आदेशाची प्रत घ्या, अभिलेख नष्ट करण्याचा आदेश झाला आहे का ते विचारा, झाला नसल्यास तो करण्याची विनंती करा आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला पाठवण्यास सांगा. भरतीच्या अर्जातील प्रश्नांची भाषा मात्र वकिलाला दाखवूनच मुलाने उत्तरे लिहावीत. वकिलाचा खर्च झेपणार नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

प्रश्न : एक जण रोख रक्कम घेऊन ‘वरून रेकॉर्ड साफ करून देतो’ म्हणतो. विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, कागल

उत्तर : ठेवू नये. गुन्हे रजिस्टरातील आणि न्यायालयातील नोंद कोणीही परस्पर काढू शकत नाही, आणि काढतो म्हणणारा फसवणूक तरी करत असतो किंवा दुसऱ्या गुन्ह्यात तुम्हाला भागीदार तरी करून घेत असतो. मागणारा सरकारी नोकर असल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

प्रश्न : खटल्यातून निर्दोष सुटलो. अटकेच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे आणि फोटो पोलिसांकडे कायम राहतात का? वर्तमानपत्रातील अटकेची बातमी नाव शोधले की अजून दिसते, तिचे काय करावे?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ प्रमाणे ठसे, छायाचित्रे आणि इतर मोजमापे राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाकडे पंचाहत्तर वर्षे ठेवता येतात. परंतु पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशी व्यक्ती खटल्याविना सोडली गेली, दोषमुक्त झाली किंवा निर्दोष सुटली, तर सर्व कायदेशीर उपाय संपल्यावर ही मोजमापे नष्ट करावी लागतात. न्यायालयाने लेखी कारणे देऊन वेगळा आदेश दिला असेल तेवढाच अपवाद. ‘सर्व उपाय संपल्यावर’ याचा अर्थ सरकारने अपील केले नसावे किंवा ते फेटाळले गेलेले असावे, असा आहे. म्हणून निकालाच्या नकलेसोबत अपील दाखल नसल्याचा तपशील जोडून, राज्य शासनाने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे नष्ट करण्याची विनंती करावी आणि तिची प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयाला द्यावी. हे नष्ट होते ते मोजमापांपुरते. गुन्हे रजिस्टरातील ओळ राहतेच, फक्त तिच्यापुढे ‘निर्दोष’ असे आले की नाही ते पाहून घ्या.

बातमीच्या बाबतीत कायदा अजून स्थिर झालेला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले. पण निर्दोष सुटलेल्याचे नाव निकालपत्रांतून आणि संकेतस्थळांवरून काढावे का, याबाबत उच्च न्यायालयांत एकमत नाही, आणि मद्रास उच्च न्यायालयाने तसा आदेश दिला तेव्हा जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्यामुळे थेट न्यायालयात जाण्याचा सल्ला मी आज देणार नाही. संपादकांना निकालाची नक्कल पाठवून, जुन्या बातमीतच निर्दोष मुक्ततेची नोंद जोडावी आणि तिचा दुवा अद्ययावत करावा, अशी लेखी विनंती करा. अटकेची बातमी चार स्तंभांत देणारे संपादक कागदपत्र समोर आल्यावर निकालाची दोन ओळींची बातमी बहुधा देतात, आणि नाव शोधणाऱ्याला त्या दोन ओळी दिसल्या तरी पुरते. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती निकालाच्या नकलेबरोबरच जपून ठेवा.